रोवेनाला कुणी हाक मारली

१

माझी धाकटी बहीण रोवेना हाँगकाँगला कामाला निघाली त्या दिवशी व्हॅन अकराला यायची होती, ती साडेदहालाच फाटकाशी येऊन उभी राहिली. त्यामुळे सगळंच अर्धवट झालं. रोवेनाच्या ताटातला भात तसाच राहिला, थेयाची अंघोळ राहिली, निघताना चॅपलमध्ये मेणबत्ती लावायची ठरली होती, तीही राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. व्हॅनमध्ये आधीच चौघीजणी बसल्या होत्या, चौघींचे डोळे सुजलेले.

एरवी तयारीत काही कमी नव्हतं. तपासण्या झाल्या होत्या, करारावर सह्या झाल्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे एजन्सीच्या वर्गात तिला शिकवलं होतं. तिकडच्या भाषेतले शंभरपर्यंत आकडेही शिकवले होते. भांडी घासताना ती ते आकडे म्हणायची आणि मधेच थांबून विचारायची, "मानांग, दोन वर्षांनी थेया मला ओळखेल ना?"

"तू काय चंद्रावर चाललीस? दर रविवारी फोनवर दिसशील की."

"फोनवर काय, मेलेली माणसंसुद्धा दिसतात."

"शुभ बोल जरा," मी म्हणायचे. मानांगला, म्हणजे मोठ्या बहिणीला, दुसरं काय येतं?

थेया ही रोवेनाची मुलगी, सहा वर्षांची; मला ती तिया म्हणते, म्हणजे मावशी. तिचा बाप मनिलाला गेला तो तिकडचाच झाला. मी लग्न केलं नाही. आईवडिलांच्या घरात पुढच्या खोलीत माझं शिवणयंत्र, मागच्या खोलीत त्या दोघी, आणि मधे दाराऐवजी पडदा. शाळांचे गणवेश शिवून माझ्या एकटीचं भागतं, तिघींचं भागत नव्हतं. म्हणून ती निघाली. दुसरं काही कारण नव्हतं.

फाटकाशी थेयानं आईच्या कमरेला मिठी मारली ती सुटेना. रोवेनाचा एक पाय व्हॅनच्या पायरीवर, दुसरा फाटकाच्या आत. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, विमान माझ्या काकाचं नाही, थांबणार नाही ते." मग मीच पोरीची बोटं एकेक करून सोडवली, घराकडे तोंड केलं आणि म्हणाले, "चल, आत चल. घरात चल. इथं उभी राहू नकोस."

थेया आली. व्हॅन गेली.

२

पहिले आठ दिवस पोर रडली. नवव्या दिवशी रडायची थांबली. मी देवाचे आभार मानले आणि शिवणाला बसले.

भाताचं मला त्याच आठवड्यात लक्षात आलं. मी भाताला पाणी बोटानं मोजते, तांदळावर पहिल्या पेरापर्यंत. माझा भात मोकळा होतो. रोवेनाचं बोट लांब, त्यामुळे तिचा भात कायम गिच्च. त्यावरून आम्ही वीस वर्षं भांडलो आहोत. त्या दुपारी झाकण उघडलं तर भात गिच्च. दुसऱ्या दिवशीही तसाच. तांदूळ नवा असेल म्हणून मी दुकान बदललं. मग पाणी बोटाऐवजी वाटीनं मोजलं. भात गिच्चच.

थेया मात्र दोनदा वाढून घेत होती.

एके दिवशी भातात पंदनाचं वासाचं पान निघालं, गाठ मारून घातलेलं. त्या वासानं माझं डोकं दुखतं, मी पान कधी घालत नाही.

"थेया, हे तू घातलंस?"

"मला गाठ कुठं येते, तिया?"

हे खरं होतं. तिच्या बुटांच्या नाड्यासुद्धा मीच बांधते. मग मी विचार केला, पोरीला हा वास आवडतो, तेव्हा मीच घातलं असेल. आपले हात आपल्याला न विचारता पुष्कळ कामं करतात. शिवणाऱ्या बाईला हे चांगलं ठाऊक असतं. मी पान काढून टाकलं आणि जेवायला बसले.

३

दुपारी जेवणानंतर थेया पडद्यामागे झोपते आणि मी यंत्रावर बसते. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे वाळत घातलेली जाळी, लख्ख ऊन. भिण्यासारखं त्यात काही नाही.

यंत्र चालू असलं की मागच्या खोलीतून गुणगुण ऐकू यायची. तिला चाल नव्हती. लहान मुलाला थोपटताना तोंड मिटून करतात तसा नुसता आवाज. यंत्र थांबवलं की तोही थांबायचा, म्हणून मी समजले की यंत्राच्या चाकातलं तेल संपलं आहे. पण एकदा नीट ऐकलं. तो लगेच थांबत नव्हता. यंत्र थांबल्यावर क्षणभर चालू राहायचा आणि मग थांबायचा, जसं कुणीतरी दचकून तोंड मिटावं. मी चाकाला तेल घातलं. यंत्राचा आवाज बदलला, गुणगुणीचा नाही.

त्याच आठवड्यात थेया झोपून उठून बाहेर आली, तर तिच्या केसांची चार पेडांची वेणी घातलेली होती. माझी बोटं आखडलेली असतात. मी तिचे केस नुसते वर बांधते.

"वेणी कुणी घातली गं?"

"आईनं."

"कधी?"

"आत्ता. तू कॉलर कापत होतीस तेव्हा."

"आई हाँगकाँगला आहे, बाळा."

"हो. ती तिकडची," थेया म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

मी मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. गादी, उशी, भिंतीवरचं आरसा लावलेलं कपाट. मागच्या दाराची कडी आतून लावलेली. शेजारच्या घरातली कुणी थोरली मुलगी येऊन वेणी घालून गेली असणार. कडी लावलेली होती, पण खिडकी उघडी होती. मी खिडकीवर विश्वास ठेवला.

४

रविवार रोवेनाच्या सुटीचा. आपल्याकडच्या बायका तिथं एका उड्डाणपुलाखाली पुठ्ठे पसरून बसतात, तिथून ती फोन करायची. शेजारी मारिविक असायची, आमच्याच गावची, सहा वर्षं तिकडे मुरलेली. पहिल्या महिन्यात रोवेना माझं तोंड दिसलं की रडायची. दुसऱ्या महिन्यात तीही रडायची थांबली. मला वाटलं, रुळली.

"जेवलीस का?"

"देतात ते खाते. भूक अशी लागत नाही, मानांग."

"घरातली माणसं बरी आहेत ना?"

"बरी आहेत. जिला सांभाळते ती आजी मला मारिया म्हणते. आधीच्या बाईचं नाव मारिया होतं, म्हणून मीही मारिया. आणि मॅडम एजन्सीला म्हणाली, तुम्ही मला अर्धंच माणूस पाठवलंत."

मारिविकनं मधेच तोंड घातलं. "खोटं नाही हो, मानांग लुर्द! दुकानाचं काचेचं दार असतं ना, आपोआप उघडणारं? ते हिच्यासाठी उघडतच नाही. ही पुढं उभी राहून हात हलवते, नाचते, तरी नाही. मी गेले की लगेच उघडतं. परवा हसून हसून मेले मी!"

"बारीक झाली असेल ती."

"आणि ओळखपत्राच्या यंत्रावर अंगठाही उमटत नाही हिचा."

"भांडी घासून रेघा गेल्या," रोवेना म्हणाली. तिचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा होता. "थेयाला दे."

मी फोन थेयासमोर धरला. थेयानं पाहुण्यांसमोर बसतो तसे हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

आईला तुम्ही! मी डोळे वटारले. पण रोवेनाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती मला म्हणाली, "मानांग, आपल्या मागच्या खोलीला खिडकी आहे का गं?"

त्या खोलीत तिचा जन्म झाला आहे.

नंतर मारिविकचा वेगळा निरोप आला. रोवेना दोनदा चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरला काही सापडलं नाही. खाली मारिविकनं लिहिलं होतं, 'थट्टा केली, माफ करा. पण ही दिवसेंदिवस विरत चालली आहे. तुम्ही काहीतरी करा.'

मी इथं बसून काय करणार, ते तिनं लिहिलं नव्हतं.

५

शेजारची नांग पासिंग परकराची दुमड उसवून घ्यायला आली. सत्तरीची आहे, पण नजर अजून सुईत दोरा ओवते. बसल्याबसल्या म्हणाली, "रोवेना कधी आली गं? सांगितलं नाहीस."

"आली कुठं? दीड वर्ष आहे अजून."

"काल दुपारी मागच्या पायरीवर पोरीचे केस विंचरत होती. मी दोनदा हाक मारली, तर वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, परदेशी पाणी चढलं."

"नांग, रोवेना तिकडे आहे. रविवारी बोलले मी तिच्याशी."

नांग पासिंगनं परकर मांडीवरून बाजूला ठेवला. तिनं पडद्याकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "निघताना तिला हाक कुणी मारली?"

ही हाक आमच्याकडे कुणीच चुकवत नाही. कुणाच्या घरून, नदीवरून, दवाखान्यातून लहान मुलाला घेऊन निघालं की आई बाहेर उभी राहून म्हणते, अमक्या, चल, मागं राहू नकोस. नाव घेऊन म्हणायचं, नाहीतर शरीर निघतं आणि जीव तिथंच राहतो. मोठं माणूस लांब निघालं तरी कुणीतरी म्हणतंच. आम्ही लहान होतो तेव्हा आई म्हणायची. आई गेल्यावर ते माझं काम.

मला फाटकातला तो मंगळवार आठवला. काय बोलले ते आठवलं. तोंड कुठं होतं तेही आठवलं.

"मी चल म्हणाले होते," मी सांगितलं. "घरात चल म्हणाले. थेयाला. पण नाव नाही घेतलं."

"आणि समोर कोण कोण होतं?"

"दोघीही."

"मग काय," नांग पासिंग म्हणाली, "जिला यायचं होतं ती आली."

जाताना तिनं उपाय सांगितला. फाटकाबाहेर उभी राहा आणि तिचं नाव घेऊन बोलाव. जे जिथं राहिलं तिथूनच त्याला हाक लागते, दुसरीकडून लागत नाही. आणि पोर जवळ नको. तिचा परकर माझ्याकडेच राहिला.

६

त्याच दिवशी हाक मारायला हवी होती. मी मारली नाही.

एक तर मला ते पटत नव्हतं. सत्तरीतल्या बाईला उन्हात काय दिसेल याचा नेम नाही. आणि दुसरं म्हणजे थेया. तिचं अंग भरलं होतं. वाचनात तिला बाईंनी वहीवर तारा दिला होता. दुपारी पडद्यामागून तिचं हसू ऐकू यायचं, गुदगुल्या केल्यावर येतं तसं. हा आठवडा राहू दे, असं मी म्हणाले. मग आणखी एक. तिसऱ्या आठवड्यात मारिविकनं फोटो पाठवला. रोवेना पलंगावर पडलेली होती आणि मला फोटोत आधी उशी दिसली, नंतर ती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, थेया शाळेत गेल्यावर मी फाटकाबाहेर जाऊन घराकडे तोंड केलं. सकाळचे दहा वाजले होते. मासळीवाली समोरून गेली, तिला जाऊ दिलं. मग म्हणाले, "रोवेना, चल. मागं राहू नकोस."

घरात काही हललं नाही. मला लाज वाटली. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. या वेळी मागच्या खोलीची जमीन वाजली, तिथं एक फरशी सैल आहे. मग पुढच्या खोलीतला पडदा सरकल्याचा आवाज आला.

"तिया, कुणाला बोलावतेस?"

थेया माझ्या मागे उभी होती, दप्तर पाठीवर. शिक्षकांची सभा होती म्हणून शाळा लवकर सुटली होती.

"तू आईला हाकलतेस?"

"थेया, आईची तब्येत तिकडे फार बिघडली आहे. तिला तिथं जायला हवं."

"ती कामाला गेली ना? मग ती राहू दे तिकडे." तिचं बोलणं अगदी स्पष्ट होतं. "ही कामाला गेलेली नाही. ही माझी आहे."

ती माझ्या हाताखालून निसटून दाराकडे धावली आणि उंबऱ्यावर मिठी मारून उभी राहिली. तिथं कुणी नव्हतं. तिचे हात मोठ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर गोल झाले होते आणि गाल कशावर तरी टेकला होता. तिचा पांढरा ब्लाउज मी स्वतः शिवलेला आहे. खांद्यावर तो कुठं चुण्या पाडतो आणि कुठं पाडत नाही, मला माहीत आहे. उजव्या खांद्यावर कापड चार ठिकाणी दबलेलं होतं, शेजारीशेजारी. चारही जागा सावकाश सरकत पाठीवर आल्या आणि तिला थोपटू लागल्या.

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं, किंवा पोरीला आधी बाजूला घ्यायला हवं होतं. पण मला फोटोतली ती उशी दिसत होती. मी तिसऱ्यांदा म्हणाले, "रोवेना, चल."

थेया चालू लागली. एक हात वर धरलेला, बोटं मिटलेली. माझ्या शेजारून ती फाटकाबाहेर गेली, व्हॅन उभी होती ती जागा ओलांडून कोपऱ्यापर्यंत गेली. तिथं तिचा हात खाली पडला.

मी धावत जाऊन तिला उचलून घरी आणलं. ती रडली नाही. फार हलकी लागली. थकलेली पोरं अंगावर जड होतात, हे मला नंतर सुचलं.

७

त्या रविवारी फोन ठरलेल्या वेळेआधीच आला.

"मानांग!" रोवेना ओरडलीच. तोंडात घास होता. "अगं, काय सांगू, बुधवारपासून मला एवढी भूक लागते! दोन दोन वेळा वाढून घेते, आजी बघत राहते. आणि रडूही येतं. रोज रडते. घरची एवढी आठवण येते की छाती दुखते!"

मारिविक मागून म्हणाली, "दोन डबे खाल्ले हिनं, माझाही खाल्ला!"

मलाही रडू आलं. किती दिवसांनी ती माझ्याशी भांडल्यासारखं बोलत होती. मी डोळे पुसत होते तेव्हा तिनं फोन तोंडाजवळ घेतला.

"एक सांगू? मारिविकला सांगितलं नाही, वेडी म्हणेल. दुपारी आजी झोपली की मी तिच्या पलंगाखाली चटईवर पडते. तेव्हा थेया येते. खरंच येते, मानांग. पोटाशी शिरते आणि पाय माझ्या पायांवर टाकते. तिच्या डोक्याचा वासही येतो. म्हणून तर जमतंय मला सगळं."

थेया माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती. बुधवारपासून ती अशीच बसते. बस म्हटलं की बसते, जेव म्हटलं की घास तोंडात धरून ठेवते. तिचे केस मीच बांधले होते. फोन समोर असूनही ती यंत्राच्या चाकाकडे बघत होती.

"रोवेना," मी म्हणाले, "नीट ऐक. आजीच्या घराच्या दाराबाहेर उभी राहा, थेयाचं नाव घे आणि तिला घरी जायला सांग. आजच सांग. मला इथून नाही करता येत ते."

पुलावरून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज येत राहिला. ती या घरात वाढलेली आहे, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"तिथं कशी आहे ती?" तिनं शेवटी विचारलं.

"शांत आहे."

"रडते?"

"नाही."

"दुखतंय, खुपतंय असं काही म्हणते?"

"काहीच म्हणत नाही, रोवेना."

पुन्हा गाड्या. मग माझी बहीण लहानपणी खाऊ मागायची त्या आवाजात म्हणाली, "मानांग, एक आठवडा. एवढा एकच राहू दे. मग मी तिला पाठवते, शपथ."

मी तिला काय सांगणार होते? तीन आठवडे मीही असंच म्हणाले होते, आणि तेव्हा तिकडे ती पडत होती. मी बरं म्हणाले.

आज सातवा रविवार. रोवेनाचे गाल आता भरलेत. नव्या वर्षाच्या गणवेशासाठी सकाळी थेयाला समोर उभी करून मापं घेतली. छातीला फीत लावली, ती गेल्या वर्षीच्या आकड्यावर थांबली नाही, आणखी आत गेली. मी दोनदा मोजलं. मग वहीत जुनंच माप लिहिलं आणि फोनची वाट पाहत बसले.